आधी दमसास, मागाहून हाडे : लांब पल्ल्याच्या धावण्याची तयारी

लांब पल्ल्याचे धावणे नव्याने सुरू करणाऱ्याची फसगत बहुधा दुसऱ्या महिन्यात होते. नियमित सरावाने हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारते, पूर्वी धाप लागत असे तेथे आता लागत नाही, आणि अंतर भराभर वाढवण्याचा मोह होतो. कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडे मात्र या वेगाने तयार होत नाहीत. ताण पडलेला हाडाचा भाग आधी शोषला जातो आणि मग तेथे नवे हाड भरले जाते. या एका फेऱ्याला साधारण ३ ते ४ महिने लागतात. म्हणून पल्ला दमसासाच्या नव्हे, हाडांच्या बेताने वाढवावा. दर आठवड्याला १० टक्के वाढ हा प्रचलित नियम सोयीचा अंदाज एवढाच मानावा. त्याहून उपयोगाची सवय म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर मुद्दाम कमी करणे.

श्वासाचा खरा उपयोग वेग मोजण्यासाठी करावा. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग सोपा आहे. दोन-तीन शब्दांनंतर थांबावे लागत असेल तर तो कठीण सरावाचा वेग झाला. आठवड्यातील बहुतेक धावणे पहिल्या प्रकारचे असावे. नवखे लोक नेमके येथेच चुकतात आणि रोजच मध्यम-कठीण वेगाने धावून थकतात. धाप लागते ती प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू लागल्यामुळे. त्यामुळे घाईघाईने उथळ श्वास घेण्यापेक्षा उच्छ्वास पूर्ण करण्याकडे लक्ष दिल्यास आराम पडतो. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूचा, वापर शिकण्यासाठी रोज पाच मिनिटे उताणे पडून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवावा, आणि श्वास घेताना पोटावरचा हात आधी वर येतो की नाही हे पाहावे. श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने, हा वाद वेग वाढला की आपोआप मिटतो, कारण तेव्हा नाक पुरत नाही. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करावा, दुखऱ्या जागी हाताने दाब द्यावा आणि श्वास हळूहळू सोडावा. भरल्या पोटी धावणे टाळले तर ही कळ मुळातच कमी येते.

दुखण्याचे प्रकार ओळखणे ही या सरावातील सर्वांत महत्त्वाची विद्या आहे. दोन्ही पायांत सारखी पसरलेली, एक-दोन दिवसांत ओसरणारी ठणक स्नायूंची असते आणि तिची चिंता नको. याउलट नडगीवर किंवा पावलात बोटाने नेमकी दाखवता येणारी, हाडावर दाबल्यावर वाढणारी, चालतानाही जाणवणारी वेदना हाडाला बारीक तडा जात असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावणे दुहेरी घातक ठरते, कारण इशारा दबतो आणि शरीरातील पाणी कमी झालेले असताना काही गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलण्याचा आणि सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावा. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत असेल तर पावले थोडी आखूड आणि जलद टाकावीत, म्हणजे गुडघ्यावरचा भार हलका होतो. जांघा आणि बगला घासून सोलवटू नयेत म्हणून तेथे आधीच पेट्रोलियम जेली लावावी.

आहाराचे गणित एकदा समजून घेतले की पुष्कळ गोंधळ टळतो. धावण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साधारण २,००० किलोकॅलरींचे असते. उरलेली भर चरबी घालते, पण वेग जितका अधिक तितका ग्लायकोजेनचा वाटा अधिक, आणि म्हणूनच सुरुवातीला जोरात निघालेल्यांचे पाय तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जड होतात. दीड तासाहून लांब धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, आणि ती पचवण्याची सवय सरावातच पोटाला लावावी. रोजच्या आहारात दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने असावीत. सराव वाढवताना खाणे कमी करणे हा मोठा धोका आहे. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे ऊर्जा अपुरी पडत असल्याचे चिन्ह असू शकते, त्याला सरावाचा सामान्य परिणाम मानू नये. विनाकारण थकवा टिकून राहिल्यास हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्यावे.

पाण्याबाबत 'जितके अधिक तितके चांगले' हे खरे नाही. अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मधे काही प्यायले नसल्यास घटलेला प्रत्येक किलो म्हणजे सुमारे एक लिटर घाम. पुढच्या लांब धावेत त्याहून कमीच प्यावे, आणि धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर पिणे जास्त झाले असे समजून प्रमाण घटवावे.