हाताला काम दिलं की तोंड आपोआप मिटतं

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी १९ वर्षं अंगणवाडी चालवतेय. पटावर २८ मुलं, रोज येतात वीस-बावीस. खोली एकच. त्यात तीन वर्षांचं शेंबडं पोर आणि पुढच्या वर्षी पहिलीत जाणारी दांडगी पोरगी मांडीला मांडी लावून बसणार. नव्यानं लागलेल्या सेविका विचारतात, "ताई, गप्प कसं बसवता?" मी बसवत नाही. मुलांच्या हातांना काय द्यायचं, तेवढं ठरवून ठेवते.

पहिली गोष्ट, मुलांच्या आधी खोलीत या. मुलं आल्यावर सतरंजी अंथरायची, मग साहित्य काढायचं, असं मी सुरुवातीची काही वर्षं केलं. तेवढ्या पाच मिनिटांत दोघांची मारामारी, एकाचं रडं आणि एकजण दाराबाहेर. आता मूल उंबऱ्यात येतं तेव्हा चार जागी चार कामं मांडलेली असतात. कुठं जायचं ते त्याचं तो ठरवतो.

साहित्य विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून, हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंवर भागवलं. माझ्याकडं प्लास्टिकच्या बांगड्या, डब्यांची मोठी झाकणं, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं आहेत. चिंचोकेही असायचे. एकदा एकानं चिंचोका नाकात घातला आणि मोटारसायकलवरून दवाखाना गाठावा लागला. त्या दिवसापासून पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू धाकट्यांसमोर ठेवत नाही. मोठ्यांना दिलीच तर मी शेजारी बसते आणि मोजून परत घेते.

आता पाणी ओतण्याचं काम. हे सगळ्यांत आवडतं, आणि सगळ्यांत बिघडतंही हेच. ताटात एक लहान तांब्या आणि दोन पारदर्शक पेले ठेवा. पेल्याला बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढा, पाणी तिथपर्यंतच. शेजारी फडकं हवंच. दाखवताना तोंडातून शब्द काढू नका. मूल एकतर तुमचं तोंड बघेल नाहीतर हात. मी हळू तांब्या उचलते, डावा हात खाली धरते, ओतते, रेघेशी थांबते. मुद्दाम दोन थेंब सांडते आणि फडक्यानं पुसते. पुढं मुलांकडून सांडलं की ती माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, फडक्याकडं हात जातो. पाणी मात्र तांब्याभरच द्या. बादली जवळ ठेवली तर खोलीचं तळं होतं, हे अनुभवानं सांगते.

गलका वाढला तर आवाज चढवू नका. मी खाली बसते आणि जवळच्या मुलाच्या कानात काहीतरी सांगते, "पिशवीत काय आहे माहितीये?" तो दुसऱ्याच्या कानात सांगतो. मिनिटभरात सगळे कान टवकारून बसलेले असतात. पिशवीत खरंच काहीतरी असायला हवं बरं का. रिकामी पिशवी एकदाच चालते.

जूनमधलं रडं वेगळं. आईला चोरून पळू देऊ नका. तिनं सांगून जायचं, "खिचडी झाली की येते," आणि खरंच यायचं. रडणाऱ्याला "रडू नको" म्हणण्यात अर्थ नाही. त्याला मदतनीस ताईंकडं निरोप घेऊन पाठवा, नाहीतर कुंडीला पाणी घालायला लावा.

आमच्याकडं घरात अहिराणी. मूल म्हणतं, "माले पानी दे." तिथं "नीट बोल" म्हटलं की ते महिनाभर पाणीच मागत नाही. मी आधी पाणी देते आणि देता देता म्हणते, "मला पाणी हवं ना, घे." एवढं पुरतं.

पालकांची तक्रार ठरलेली. "पाटीवर काही दिसत नाही ताई." एका वडिलांना मी वर्गातच बसवून घेतलं. त्या दिवशी मोठी मुलं कापसातून सरकी काढत होती. बोंडाचं टोक टोचतं, म्हणून कापूस मी आधीच सोडवून आणते. त्यांना म्हटलं, लेकीची बोटं बघा. अंगठा, तर्जनी, मधलं, तिन्ही बोटांनी कापूस धरायचा आणि सरकी ओढायची. पेन्सिल हीच तीन बोटं धरणार आहेत, आधी त्यांत जोर येऊ द्या. शेतकरी माणूस, लगेच पटलं. उलट मला म्हणाले, "हे तर आमच्या घरी पोतंभर आहे."

सुटताना चपलांचा गोंधळ होतो, त्यासाठी ओट्यावर खडूनं पावलांच्या जोड्या काढून ठेवते. आल्यावर चप्पल पावलावर ठेवायची, जाताना तिथूनच घालायची. डाव्याची उजवीकडं गेली तरी मी बदलत नाही. फाटकापर्यंत चालून गेल्यावर बहुतेकांना काहीतरी टोचायला लागतं, मग तिथंच खाली बसून बदलतात.