विमानतळावर कापड घेताय? आधी उलटं करून बघा

ऑडिटच्या कामामुळे महिन्यातून दोनदा तरी माझी विमानवारी होते आणि भेटवस्तू आठवते ती सिक्युरिटी पार झाल्यावरच. अशाच घाईत सासूबाईंसाठी एकदा ‘पश्मिना’ घेतली. घरी नणंदेनं शिवणीतलं बारकं लेबल वाचलं: व्हिस्कोस, म्हणजे लोकर नव्हे, कृत्रिम धागा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती शाल आता इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते.

तेव्हापासून माझा नियम एकच. विक्रेता सुलट बाजू दाखवतो, आपण उलटी मागायची.

पैठणीचं काही घेत असाल तर पदर पालथा करा. हातमागावरच्या अस्सल विणीत नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. मागे लोंबते, कापलेले धागे दिसले तर ती जॅकार्डची, म्हणजे नक्षी यंत्रानं विणलेली. वाईट नव्हे, पण पैसे हातमागाचे देऊ नका. इकतमध्ये सूत आधी रंगवून मग विणतात, त्यामुळे रंग दोन्हीकडे सारखा भरतो आणि नक्षीच्या कडा किंचित पिसारतात. मागची बाजू फिकी आणि पुढच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या असतील तर तो छापा समजा. हातठशाच्या कापडात जोडाच्या जागी ठसा थोडा सरकलेला असतो; मला तर ती चूकच आवडते.

पश्मिन्याचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉनचा, म्हणून शाल अंगठीतून ओढून दाखवतात. भुलू नका, पातळ व्हिस्कोसही सुळकन जातं. आणि कुणी हळू आवाजात ‘शहातूश’ म्हणालं तर सरळ बाहेर पडा. ती लोकर चिरू या तिबेटी हरणासारख्या प्राण्याला मारून मिळवतात, तिचा व्यापार बेकायदा आहे आणि कस्टम्समध्ये अडकाल ते तुम्ही.

लेबलं बघाच: रेशमाला सिल्क मार्क, हातमागाला हँडलूम मार्क. ‘सिल्क फील’, ‘आर्ट सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे.

चकचकीत दुकानांआधी ‘अवसर’चा स्टॉल शोधा. विमानतळ प्राधिकरणाच्या बऱ्याच विमानतळांवर बचत गटांना अशी जागा मिळते. तिथल्या ताईंना ‘हे कुणी विणलं?’ विचारलं की बहुतेक वेळा गावाचं नाव ऐकायला मिळतं. दुकानात याच प्रश्नाला मला ‘मॅडम, प्युअर आहे’ एवढंच उत्तर मिळालंय.

साडीच्या भानगडीत घाईत पडू नका. स्टोल, उपरणं, उशीचे अभ्रे बरे. सोलापुरी चादर मला फार आवडते, पण सात किलोच्या केबिन बॅगेत ती बसवताना माझे दोन ड्रेस हातात आले होते. खोका दुकानातच सोडा, शाल अंगावर घ्या, बिल पर्समध्ये ठेवा.

किमतीचा स्टिकर मात्र विमानातच खरवडून काढा. सासूबाई आधी तोच शोधतात.