उसतोडीहून परतलेल्या लेकरासाठी शिकण्याची शिडी कशी बनवावी

दसरा झाला की आमच्या बीडच्या डोंगरपट्ट्यातले वाड्या-तांडे रिकामे व्हायला लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे तोडणीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, पावसाळ्यातच घेऊन, खर्चूनही झालेली असते. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगंमागं. मधले पाच-सहा महिने चौथीतलं लेकरू नावापुरतं हजेरीपटावर असतं, प्रत्यक्षात खोपीवर धाकट्या भावाला सांभाळत असतं. परत येतं तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर गेलेला असतो. चार दिवस मागं बसतं, पाचव्या दिवशी येत नाही.

नेमका हाच पेच दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात होता, फक्त उसाऐवजी कॉफी. तोडणी आली की खेड्यातली मुलं शाळेतून गायब. तिथं सत्तरच्या दशकाच्या मध्यावर विकी कोलबर्ट, ऑस्कर मोगोयोन वगैरे मंडळींनी ‘एस्क्युएला नुएव्हा’, म्हणजे ‘नवी शाळा’, उभी केली. मोगोयोन स्वतः खेड्यातले मास्तर. एकाच खोलीत पाच इयत्ता सांभाळण्याचा त्रास त्यांनी भोगलेला होता. त्यांनी धडे शिक्षकाच्या तोंडून काढून मुलाच्या हातातल्या पुस्तिकेत घातले. मूल जिथं थांबलं तिथून पुढं निघतं, वर्गाची वाट बघत नाही. काल्दास प्रांतात तर कॉफी उत्पादकांच्या समितीनंच ही पद्धत उचलून धरली. (आपल्याकडं साखर कारखान्यांनी असं मनावर घेतलं तर?)

आपल्या देशात आंध्रातल्या मदनपल्लेजवळ ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी पुस्तिकेऐवजी कार्डं आणि भिंतीवरची ‘शिडी’, म्हणजे अभ्यासाच्या पायऱ्या एकावर एक दाखवणारं चित्र, काढली. 2003 पासून चेन्नईच्या महापालिका शाळा त्याच वाटेनं गेल्या. मी या सगळ्यातून आपल्या द्विशिक्षकी शाळेला झेपेल तेवढंच उचललंय.

सुरुवात पुस्तकानं करू नका. लेकरू आलं की पहिल्या दिवशी लिंबाखाली एकट्याला घेऊन बसा. इतर पोरांसमोर नको. आधी छोटा परिच्छेद वाचायला द्या. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेनं ही साधी चाचणी देशभर नेली, आणि इयत्तेऐवजी पातळीप्रमाणं गट करून शिकवण्याची त्यांची रीत पुढं झांबियाच्या शाळांतही पोचली. एका लेकराला दहा मिनिटं पुरतात. गणितात अंक ओळख, वजाबाकी, भागाकार एवढंच बघा. कायद्यानं त्याची इयत्ता वयाप्रमाणंच राहते, तिला हात लावायचा नाही. आपल्याला फक्त पायरी शोधायची आहे.

आता पायऱ्या पाडायच्या. खरं काम इथं आहे, आणि घाई झाली तर पुढचं सगळं फुकट जातं. वजाबाकीचंच घ्या. चिंचोके मोजून बाजूला काढणं ही पहिली पायरी. मग वीसपर्यंतची तोंडी. मग दोन अंकी, हातचा नसलेली. त्यानंतर काड्यांच्या मोळ्या. दहा काड्यांची एक मोळी बांधायची, आणि 42 मधून 17 काढताना सुट्या दोनच काड्या हाती राहिल्या की एक मोळी सोडायची. फडात मोळी बांधताना रोज बघणाऱ्या पोरांना हे सांगावं लागत नाही. शहरातून आलेल्या शिक्षकांनाच वेळ लागतो! मोळीशिवाय कागदावर मांडणं ही वेगळी पायरी ठेवा. 402 वजा 157 सारखी, मधे शून्य असलेली, आणखी वेगळी. सगळ्यात जास्त लेकरं तिथंच अडकतात. शेवटी शाब्दिक उदाहरणं. उचल 50,000 घेतली, 38,500 फिटली, अंगावर किती राहिली? हे गणित घरोघरी चालू असतं, ते कार्डावर यायलाच पाहिजे. वजाबाकीच्या एवढ्या सहा-सात पायऱ्या. मराठीच्या पायऱ्याही अशाच पाडा: काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षरं.

प्रत्येक पायरीला तीन-चार कार्डं लागतात. एकावर सोडवून दाखवलेलं उदाहरण, एक-दोनांवर सराव, शेवटच्यावर तपासणी. उत्तरं सरावाच्या कार्डामागं लिहा, तपासणीच्या मागं लिहू नका. विकतचा पुठ्ठा कशाला? लग्नसराईनंतर गावातल्या पत्रिका गोळा करा. जाड असतात, एक बाजू बहुधा कोरी मिळते. वरून चिकटपट्टी मारा. मी पहिल्या वर्षी मारली नव्हती, आणि जूनच्या पहिल्याच गळतीत अर्धी शिडी लगदा झाली.

त्याहून मोठी चूक मी आकडे घालून केली. कार्ड 1, कार्ड 2 असं लिहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी पोरं एकमेकांना विचारायला लागली, “तू कितव्यावर? मी तर अठराव्यावर!” दोन पोरी रडत घरी गेल्या. तेव्हापासून आकड्याऐवजी चित्रं: वांगं, बैल, मोर, टायरगाडी. चित्रं पोरांनाच काढू द्या.

शिडी भिंतीवर रंगवा, प्रत्येकाच्या नावाचा कपड्याचा चिमटा दोरीवर लावा. रोज एकच तास ठरवा. त्या तासात नवी पायरी सुरू करणारी चार-पाच लेकरं तुमच्याजवळ बसतील, सराववाले जोडीनं बसतील, तपासणीवाले एकेकटे. पहिले पंधरा दिवस बाजार भरल्यासारखा आवाज होतो. होऊ द्या. तपासणी पुरी झाली की चिमटा वर सरकवायचा, पण तो लेकरानं स्वतः.

जाण्याआधी काय करायचं? आधी हंगामी वसतिगृहासाठी आई-बापाशी बोला. आजीजवळ राहिलं तर उत्तमच. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. सोबत पुढच्या तीन पायऱ्यांची कार्डं पिशवीत घाला, जास्त नकोत. फोनवर रोज तास घेण्याचा नाद सोडा. दिवसभर तोडणी करून आलेल्या आईकडं ना चार्जिंग असतं ना जीव. आठवड्यातून एक आवाजी निरोप पाठवा, एका कार्डापुरता.

कुणी टॅब वाटायला आलं तर नाही म्हणू नका, पण त्यावर विसंबूही नका. पेरू देशानं मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित-भाषेत फरक दिसला नाही.

लेकरू नसताना त्याचा चिमटा काढू नका, आहे तिथंच राहू द्या. परतल्यावर त्याच पायरीवरून सुरू करू नका, दोन पायऱ्या खाली या, कारण मधे विसरलेलं असतं. त्या एक-दोन दिवसांत झरझर होतात. पिशवीतली कार्डं मोजून घ्या, हरवली म्हणून रागावू नका. चुलीच्या धुरानं काळी पडलेली, कोपरे झिजलेली कार्डं म्हणजे वापरलेली कार्डं. कोरी परत आलेली बाजूला काढा. त्यातली बहुतेक अवघड भाषेत लिहिलेली निघतात. मे महिन्यात बसून तेवढी पुन्हा लिहा.