टाकीचे पैसे असे जमले
लातूरजवळच्या आमच्या बालगृहाला मार्चपासून टँकर लागायचा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलंय, तरी छतावरचं पाणी साठवायचंय म्हटलं की देणगीदार चहा पिऊन निघून जायचे. मग हिशोबच पुढं ठेवला: २,००० चौरस फूट स्लॅब, ७०० मिलिमीटर पाऊस, गळती-बिळती वजा जाता लाखभर लिटर. शेजारी टँकरच्या पावत्यांची चळत. कामाचे तुकडे पाडले; पाइप एकाचा, गाळणी दुसऱ्याची, सिमेंट तिसऱ्याचं. टाकीला मात्र कुणी तयार होईना. जमिनीखाली नावाची पाटी कुठं लावणार! शेवटी ती हातपंपाच्या ओट्यावर लावली. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह मीच विसरलो. कबुतरांची घाण थेट टाकीत. तो खर्च माझ्या खिशातून.