मायक्रोअ‍ॅरे करताना या चुका टाळा

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे हजारो जनुकांपैकी कोणती किती जागी आहेत हे एकाच काचेच्या स्लाइडवर मोजायची पद्धत. नव्या मुलांना घाई असते ती स्लाइड स्कॅनरमध्ये सरकवायची. प्रयोग मात्र बहुतेक वेळा त्याच्या आठवडाभर आधीच बिघडलेला असतो, नमुने हाताळायचा क्रम न ठरवल्यामुळे.

आमच्याच प्रयोगशाळेतली गोष्ट. गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजन शेतातलं कोरगुट भात खारं पाणी सोसतं, तेव्हा मुळांतली कोणती जनुकं जागी होतात हे बघायचं होतं. गोड्या पाण्यावरचे सहा नमुने मेअखेरीस उरकले, खाऱ्या पाण्यावरचे सहा मिरगाचा पाऊस लागल्यावर. मधल्या काळात आरएनएला (जाग्या जनुकाची नक्कल) चमकता रंग लावायच्या लेबलिंग किटचा लॉट बदलला, आरएनए काढणारी व्यक्तीही बदलली. हजारो जनुकांत फरक दिसला, आम्ही हरखून गेलो. मग मी स्पाइक-इन कंट्रोल, म्हणजे बाहेरून घातलेले ठरावीक आरएनए, बघितले. ते प्रत्येक नमुन्यात मोजून सारखेच घातले होते, तरी त्यांचे आकडे मेचे एकीकडे आणि जूनचे दुसरीकडे. फरक मिठाचा की तारखेचा, हे त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकलं नसतं. बाराही अ‍ॅरे वाया गेले.

तेव्हापासून नमुन्यांचा क्रम ठरवायला मी चिठ्ठ्या टाकते. रोजच्या खेपेत दोन्ही प्रकारचे नमुने निम्मे-निम्मे, आणि पूर्ण प्रयोगाचं किट एकाच लॉटचं. ‘आज फक्त गोड्या पाण्यावरचे उरकून टाकूया’ हे मी ऐकूनच घेत नाही.

दुसरी चूक आरएनएची. 260/280 गुणोत्तर (या दोन नॅनोमीटर तरंगलांबींवर शोषलेल्या प्रकाशाचं) 2 च्या आसपास आलं की मुलं खूश होतात. त्यावरून प्रथिनं मिसळली आहेत का एवढंच कळतं. आरएनएचे तुकडे झाले असले तरी आकडा तोच येतो. आरआयएन, म्हणजे आरएनए किती अखंड आहे याचा 1 ते 10 मधला आकडा, बघा. 8 च्या खाली असेल तर मी तो नमुना चढवत नाही. आणि ज्या हातमोज्याने मोबाइल उचललात, तो आधी बदला, त्यावरून आरएनए तोडणारी विकरं नमुन्यात येतात.

नमुना घालून स्लाइडचं चेंबर बंद केल्यावर हातात धरून फिरवा. बुडबुडा सरकला पाहिजे. अडकला तर तिथे काळा डाग पडणार. प्रोटोकॉलमध्ये 65 अंशांवर 17 तास लिहिले असतील तर 17 तासच ठेवा.

दोन रंग वापरताय तर डाय-स्वॅप, म्हणजे रंगांची अदलाबदल करून पुन्हा अ‍ॅरे, हवाच. त्यातला सीवाय5 हा लाल रंग हवेतल्या ओझोनने उडतो, म्हणून धुतलेली स्लाइड लगेच स्कॅन करा.

स्लाइडवरच्या 40,000 प्रोबना (एकेका जनुकाला पकडणारे ठिपके) पी-मूल्याची 0.05 ची चाळणी लावलीत, तर काहीही घडलेलं नसताना सुमारे 2,000 ‘महत्त्वाचे’ निघतील. अशा खोट्या निकालांना आवर घालणारी बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती लावा, उरलेल्यांतली जनुकं क्यूपीसीआरने (एकेक जनुक मोजायची वेगळी पद्धत) तपासा. तीही नव्याने वाढवलेल्या रोपांवर, फ्रीजरमधल्या त्याच नळीवर नको.