टीजच्या पुस्तकाआधी: ॲक्सिलरेटेड नर्सिंगच्या अर्जाची तयारी

पदवी हातात आहे पण ती नर्सिंगची नाही, आणि अमेरिकेत जाऊन नर्स व्हायचं पक्कं केलंय, अशांसाठी हे लिहितेय. तिथे दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी बीएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, एक आखूड रस्ता असतो, ॲक्सिलरेटेड बीएसएन. एरवी चार वर्षं लागतात ते साधारण 11 ते 18 महिन्यांत होतं. पदवी तीच मिळते, आणि शेवटी परवान्यासाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स-आरएनही तीच. आपल्याकडे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी आहे, पण ती आधीच नर्स असलेल्यांसाठी. माझ्यासारख्या मायक्रोबायॉलॉजीवालीला मुंबईत नर्स व्हायचं तर बारावीच्या पोरींबरोबर पहिल्या वर्षाला बसावं लागतं. मी मुलुंडला राहते, परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच वर्षं काम केलं आणि या अर्जामागे सव्वा वर्ष घालवलं. त्यातले पहिले चार महिने फुकट गेले, कारण सगळ्यात आधी मी टीज या प्रवेश परीक्षेचं पुस्तक आणलं. पुस्तक आणायचंच, पण त्याआधी बरंच काही उरकायचं असतं.

पहिलं काम म्हणजे एक दोनशे पानी वही घ्या आणि कॉलेजागणिक दोन पानं सोडा. प्रत्येक कॉलेजची प्रीरिक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण हवेत ते विषय, तिथे उतरवून काढा. नावं साधारण तीच असतात: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रॅक्टिकलसकट, मायक्रोबायॉलॉजी प्रॅक्टिकलसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन आणि जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं मानसशास्त्र. बारकावे मात्र दर कॉलेजला वेगळे. कुणाला ॲनाटॉमी गेल्या पाच वर्षांतली हवी, कुणाला सात चालतात. कुणी ऑनलाइन प्रॅक्टिकल मान्य करतं, कुणी अजिबात नाही. सायन्सचे पदवीधर आहोत म्हणजे आपलं सगळं झालंय असं आपण धरून चालतो. माझ्या मार्कशीटवर मायक्रोबायॉलॉजी भरपूर होती, पण माणसाची ॲनाटॉमी एका ओळीचीही नाही. ती, न्यूट्रिशन आणि मानसशास्त्र हे तीन विषय मी एका अमेरिकन कम्युनिटी कॉलेजातून ऑनलाइन केले. तिथल्या संध्याकाळच्या वर्गासाठी इथे पहाटे उठायचं. कुठलाही विषय घेण्याआधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजला मेल करून विचारा, हा कोर्स, हा कोड, तुम्हाला चालेल का. उत्तर आलं की त्याची प्रिंट वहीत चिकटवा. फोनवर कुणी ‘हो, चालेल’ म्हणालं तर ते धरू नका.

याच टप्प्यावर एक प्रश्न विचारून घ्या, तो मी फार उशिरा विचारला: तुम्ही एफ-1 (विद्यार्थी व्हिसाच्या) विद्यार्थ्याला आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, देता का? बऱ्याच ॲक्सिलरेटेड कोर्सेसमध्ये थिअरी ऑनलाइन असते आणि फक्त क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला, हजर राहायचं असतं. एफ-1 व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात दर सत्राला एकच ऑनलाइन विषय, तोही तीन क्रेडिटपर्यंत, मोजला जातो. त्यामुळे अशी कॉलेजं बाहेरच्या विद्यार्थ्याला घेऊच शकत नाहीत. माझ्या वहीतल्या नऊपैकी चार कॉलेजांवर या एका प्रश्नाने काट मारली. ज्यांचं ग्रीन कार्ड आहे किंवा जे नवऱ्याबरोबर एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर तिकडे आहेत, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. उरलेल्या कॉलेजांना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आहे का, आणि त्यांची मुलं एनक्लेक्स पहिल्या फटक्यात किती टक्के पास होतात, हे तिन्ही बघा. पासाचे आकडे बोर्डांच्या वेबसाइटवर जाहीर असतात.

आता ट्रान्स्क्रिप्ट. इथे थोडं थांबते, कारण बहुतेकांचं गाडं इथेच रुततं. कॉलेजने सहाही सेमिस्टरचे गुण एका कागदावर मांडून द्यायचे, विद्यापीठाने त्यावर शिक्का मारायचा, आणि मग ते क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशनला, म्हणजे आपली पदवी तिथल्या मापाने तपासणाऱ्या संस्थेकडे, बहुतेक वेळा वेसकडे, जायचं. ऐकायला सोपं. माझ्या कॉलेजच्या ऑफिसात मी सात खेटे घातले. पहिल्यांदा अर्जाचा नमुना संपला होता, दुसऱ्यांदा सही करणारे रजेवर, तिसऱ्यांदा मला कळलं की माझ्या चौथ्या सेमिस्टरच्या एका विषयाचं नाव मार्कशीटवर एक आणि ट्रान्स्क्रिप्टवर भलतंच छापलंय. हे मला काउंटरवर उभं असताना दिसलं म्हणून बरं. तेव्हा कागद हातात आला की तिथेच, पाकीट बंद होण्याआधी, मार्कशीट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. मागे रांग कुरकुरेल, कुरकुरू दे. विषयाबरोबर त्याचे लेक्चरचे आणि प्रॅक्टिकलचे तास दाखवणारा अभ्यासक्रमही त्याच फेरीत शिक्का मारून मागून घ्या. ‘प्रॅक्टिकल वेगळं झालंय’ हे नंतर सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास. मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम उलटा आणि आईचं नाव त्या ओळीत नाहीच. लग्न झालेलं असेल तर आधार कार्डावर तिसरंच नाव असतं. परीक्षेला, वेसला, अर्जाला, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने लिहा. माझ्या मैत्रिणीने टोफेल ही इंग्रजीची परीक्षा माहेरच्या नावाने दिली आणि पासपोर्ट सासरच्या नावाने नवा केला. मग गॅझेटची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडत बसली. तीन वर्षांच्या भारतीय पदवीला तिथल्या चार वर्षांच्या बरोबरीचं मानायचं की नाही, हे ठरवताना वेस नॅक या मूल्यांकन संस्थेने दिलेली श्रेणी आणि तुम्ही कोणत्या वर्गात पास झालात ते बघते. पण वेसने मानलं तरी शेवटचा शब्द कॉलेजचा, म्हणून तेही त्या मेलमध्ये विचारून ठेवा.

शिफारसपत्रं लवकर मागा. एक शिकवणाऱ्यांचं, एक कामावरच्या वरिष्ठांचं. आपले सर-मॅडम जीमेल वापरतात, आणि पलीकडे संस्थेचा ईमेल नसेल तर शंका घेतली जाते. त्यांना कॉलेजच्या आयडीवरून पाठवायला सांगा, आणि तो आयडी चालू आहे का याची आधी खात्री करा. माझ्या मॅडमना पासवर्ड आठवायलाच आठवडा लागला.

हातात नळी धरून रक्त काढण्याचा अनुभव मला होता, म्हणून मी स्वतःला अर्धी नर्स समजत होते. तो गैरसमज एका ट्रस्टच्या वृद्धांच्या केंद्रात गेला. तिथे मी सहा महिने दर रविवारी जात होते. पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “अगं, बेडपॅन उचलताना तुझं तोंड वाकडं झालं की आजींना ते दिसतं. आधी तेवढं सांभाळ, मग अमेरिकेचं बघू.” त्यांनी मला अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला शिकवलं: पाठीखालची आडवी चादर दोघींनी दोन बाजूंनी मुठीत गुंडाळायची, तीन म्हणताच एकदम उचलून सरकवायचं, ओढायचं नाही, कारण ओढलं की कातडी सोलते. मग पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. दोन तासांनी पुन्हा. एका आजींच्या माकडहाडावर लाल चट्टा होता. कूस बदलण्याची वेळ पाळल्यावर तो पुढच्या रविवारी फिका दिसला. अर्जातल्या निबंधात मी तेवढंच लिहिलं. ‘लहानपणापासून मला सेवेची आवड’ हे लिहिलेलं पहिलं पान फाडून टाकलं. तुम्हीही असं कुठेतरी जा, आणि तासांचं पत्र लेटरहेडवर घ्या.

लसींची कामं सगळ्यात लांबतात आणि नेमकी हीच लोक शेवटी काढतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांना, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी लस लागू पडली का ते सांगणारी अँटी-एचबीएसची रक्ततपासणी. आकडा 10 किंवा त्याच्या वर हवा. म्हणजे आज सुरू केलंत तरी सात-आठ महिने गेलेच. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांसाठी ‘लहानपणी होऊन गेल्या’ हे आईचं सांगणं तिथे चालत नाही. रक्तातली प्रतिकारशक्ती दाखवणारा आयजीजी रिपोर्ट लागतो किंवा डोसांची नोंद. क्षयाच्या चाचणीचं तर वेगळंच. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, आणि बीसीजी घेतलेल्यांची मॅनटू ही कातडीवरची चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पत्रं, खुलासे. म्हणून आधीच विचारा की मॅनटूऐवजी इग्राची रक्ततपासणी चालेल का. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. बीएलएसचं, म्हणजे श्वास किंवा हृदय थांबल्यावर करायच्या तातडीच्या उपचारांचं, प्रमाणपत्र अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच घ्या. ते दोन वर्षं चालतं, त्यामुळे फार आधी काढू नका.

एवढं मार्गी लागलं की परीक्षेचं पुस्तक आणा. कुठल्या कॉलेजला एटीआयची टीज हवी, कुठल्याला हेसी ए2, कुठे काहीच नको. हेसीत कोणते विभाग द्यायचे ते कॉलेज ठरवतं, म्हणून दोन्हींची तयारी एकदम करू नका. टीजच्या सध्याच्या सातव्या आवृत्तीत 170 प्रश्न आणि 209 मिनिटं. रीडिंगचे 45 प्रश्न 55 मिनिटांत, गणिताचे 38 प्रश्न 57 मिनिटांत, सायन्सचे 50 प्रश्न 60 मिनिटांत आणि इंग्रजीचे 37 प्रश्न 37 मिनिटांत. यातले 20 प्रश्न मोजले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. चुकीला वजा गुण नाहीत, तेव्हा एकही कोरा सोडू नका.

मुलुंड ते परळ स्लो लोकलने पाऊण तास लागतो, त्यात इंग्रजीचा अख्खा विभाग बसतो. घाटकोपरला गर्दी आत आली की एका हातात कडी, एका हातात मोबाइल, अंगठ्याने उत्तर. परीक्षेच्या खोलीतली शांतता त्यानंतर चैन वाटली. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, म्हणून मला रीडिंगची भीती होती. पण तिथे अवघड शब्दांपेक्षा ‘लेखकाला काय सुचवायचंय’ असे प्रश्न असतात, आणि मोठा तोटा मी उतारा दोनदा वाचण्यात करून घेत होते. आधी प्रश्न, मग उतारा, असं केल्यावर वेळ उरायला लागला.

गणित आपल्याला सोपं जातं, ते पौंड आणि औंस येईपर्यंत. आपण किलो-लिटरात वाढलेलो. 2.2 पौंडांचा एक किलो, म्हणून 154 पौंडांचा माणूस 70 किलोचा, हे थांबून न मोजता यायला हवं. इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, टीस्पून 5 मिलिलिटर, टेबलस्पून 15, फ्लुइड औंस सुमारे 30. मी केक करायचे मापाचे चमचे घेऊन आठवडाभर आमटीचं मीठ-तिखट त्यांनीच घातलं. आई वैतागली, पण मापं डोक्यात बसली. कॅल्क्युलेटर पडद्यावर मिळतो, स्वतःचा नेता येत नाही, आणि तो साधा बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराचा असतो.

सायन्सला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोजल्या जाणाऱ्या 44 प्रश्नांत 18 ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे असतात. नुसतं पाठांतर पुरत नाही, कारण पायऱ्या क्रमाने लावा, चित्रावर जागा दाखवा, बरोबर असतील ती सगळी निवडा, अशा प्रकारचेही प्रश्न येतात. रक्त उजव्या कर्णिकेतून निघून फुप्फुसात जाऊन महाधमनीपर्यंत कसं पोचतं, हे मी पोळ्या लाटताना मोठ्याने म्हणायचे, झडपांच्या नावांसकट. चुकलेला प्रश्न वहीच्या मागच्या पानापासून लिहीत यायची सवय ठेवा. शेवटच्या आठवड्यात मी फक्त तीच पानं वाचली. पुन्हा परीक्षा देण्याबद्दल कॉलेजांचे नियम वेगवेगळे आहेत, मधलं अंतर, किती वेळा, कोणता स्कोअर धरणार. तारीख घेण्याआधी ते वहीत लिहा. टोफेल किंवा आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, तो टीजच्या आसपासच उरका.

पैशांचं थोडक्यात. हा अभ्यास करता करता नोकरी होत नाही, हे गृहीत धरूनच हिशोब मांडा. बँकेचे कागद आय-20च्या आधी लागतात, मग विद्यार्थ्यांच्या नोंदणीची 350 डॉलरची सेव्हिस फी, डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज, आणि बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. घरच्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोला: नंतर ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी, 12 महिन्यांचीच मिळते, स्टेमला, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना, मिळणारी जादाची दोन वर्षं नर्सिंगला नाहीत. माझ्या बाबांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

आणि ट्रान्स्क्रिप्टचे दोन जादा संच बंद पाकिटांत, जोडावर शिक्का मारून, त्याच फेरीत घ्या. प्रवेश झाल्यावरही कॉलेज ते मागू शकतं. ती पाकिटं कपाटात पासपोर्टशेजारी ठेवा, आणि आत काय आलंय बघू या म्हणून घरातलं कुणी फोडणार नाही एवढं त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्याकडे एक फुटलं.