तालुक्यातल्या मानसिक आरोग्य सेवेबद्दल लोकांचं म्हणणं कसं गोळा करावं

प्रश्नावली लिहायला बसण्याआधी एक गोष्ट कागदावर उतरवा: हाती येईल ते कोणाच्या टेबलावर ठेवायचं, आणि त्या माणसाला नेमकं काय बदलता येतं? ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याचं पथक कधी येणार हे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून ठरतं. बाकं, पंखा, आडोसा, किरकोळ खरेदी एवढं त्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला जमतं. रुग्णालयात दाखल व्यक्तीचे हक्क डावलले गेले तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, आणि राज्यभराचा मुद्दा असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. सगळीकडे एकच निवेदन पाठवलं की प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याकडे टोलवतं.

दुसरं, लोकांचं मत विचारू नका, शेवटचा अनुभव विचारा. ‘सेवा कशी वाटते?’ याला ‘बरी आहे’ हेच उत्तर येणार. ‘मागच्या खेपेला किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या?’ याचं उत्तर मात्र कायद्याला लावून पाहता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत सदैव मोफत मिळायला हवीत. आपल्याकडे ही पातळी म्हणजे साधारण ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जावं लागलं, तर तो कायद्याचा भंग ठरू शकतो. अशी तीस उत्तरं तारखांसह हाती असतील, तर तीनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा त्यांचं वजन जास्त.

गावात पाय ठेवण्याआधी माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन वेगळे अर्ज करा: गेल्या १२ महिन्यांतल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाच्या तारखा व रुग्णसंख्या; आणि औषधसाठा नोंदवहीतल्या मनोविकारावरच्या औषधांच्या नोंदी. उत्तराची मुदत ३० दिवस. तेवढ्यात बाकीची तयारी होते.

माणसं किती? ‘तालुक्यात इतके टक्के लोक’ असं लिहायचं असेल तर यादीतून चिठ्ठ्या काढून निवडलेली किमान ३८५ माणसं लागतात (५ टक्के इकडेतिकडे), आणि मोजकी गावं निवडून त्यांतच विचारलं तर सुमारे दुप्पट. बहुतेक गटांना हे झेपत नाही आणि त्याची गरजही नसते. १२ ते १५ उपचार घेणारे, तितकेच सांभाळणारे नातेवाईक, ८-१० आशा, आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकारी एवढ्यांशी सविस्तर बोला. अहवालात टक्केवारी लिहू नका. राष्ट्रीय आकडाही उसना घेऊ नका: २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

रुग्णालयाच्या रांगेत भेटणारे म्हणजे तिथवर पोचलेले. उपचार मध्येच सोडलेले आणि आधी देवऋषीकडे किंवा दर्ग्यात गेलेले शोधायला वेळ लागतो, पण सेवा कुठे तुटते हे त्यांनाच ठाऊक असतं. आशाताईंकडे नावं मागू नका. आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याच कायद्याचं कलम २३ देतं. ‘बोलायची इच्छा असेल तर या नंबरवर फोन करा’ एवढा निरोप त्यांनी पोचवावा. इतरांच्या मुलाखती घ्यायलाही त्यांना सांगू नका, कारण त्यांच्याच कामाबद्दल त्यांच्या तोंडावर वाईट कोण बोलणार? फक्त गुगल फॉर्म फिरवला तर शहरातली शिकलेली तरुण मंडळीच हाती लागतात.

प्रश्न सहा-सात पुरेत:

– त्रास सुरू झाल्यावर आधी कोणाकडे गेलात? सरकारी दवाखान्यात किती दिवसांनी पोचलात?
– जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी किती?
– डॉक्टर भेटले का? नसतील तर कोणती तारीख मिळाली?
– औषध किती दिवसांचं मिळालं? बाहेरून काय आणलं, कितीला?
– डॉक्टरांशी बोलताना आजूबाजूला कोण होतं?
– औषध थांबवलं असेल तर त्या आठवड्यात काय घडलं होतं?

‘मनोरुग्ण’, ‘नैराश्य’ असं न म्हणता झोप, टेन्शन, कामात मन न लागणं यांबद्दल विचारा. सून बोलत असताना सासू शेजारी बसली असेल तर ती मुलाखत वाया गेली समजा. मुलाखत घेणारे दोघे जा, एकाने घरच्यांना ओसरीवर गुंतवावं. गटचर्चा ६ ते ८ जणांची, दीड तासाच्या आत. बायकांची वेगळी, आणि सरपंचांना नम्रपणे बाहेर ठेवून.

मरणाचे विचार कोणी बोलून दाखवले तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. प्रश्न तिथेच थांबवा, माणसाला एकटं सोडू नका, त्यांच्याशी बोलून विश्वासातल्या नातेवाइकाला बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन लावून द्या. धोका समोर दिसत असेल तर १०८. हे जमणार नसेल तर मुलाखती घेऊच नयेत. महाविद्यालय किंवा संस्था सोबत असेल तर संशोधन नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी पहिल्या मुलाखतीआधी घ्यायची. मागाहून ती मिळत नाही. संमतीपत्र वाचून दाखवा, आणि नकार दिला तरी उपचारावर परिणाम होणार नाही हे स्पष्ट सांगा.

उत्तरांतून आठ-दहा अडचणी निघतील. प्रत्येकीचं एक चित्रकार्ड करून पुन्हा बैठक घ्या आणि प्रत्येकाला पाच चिंचोके द्या. ज्या कार्डावर हवेत तितके ठेवावेत. रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी यांची मोजणी वेगळी करा. एकत्र केली की कर्मचाऱ्यांची ‘पदं भरा’ ही मागणी वर येते आणि रुग्णांची ‘आडोसा हवा’ तळाला जाते. तिन्ही याद्या शेजारी छापा.

अहवाल चार पानांच्या वर नको. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत (सरकारी आरोग्य सेवेवर लोकांनीच ठेवलेली नजर) गावपत्रकं लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत भरली जात आणि ती जनसुनवाईत मांडली जात. तेच रंग इथे चालतात: माहिती अधिकारातली नोंद डावीकडे, लोकांचं सांगणं उजवीकडे, मध्ये रंग. गावाचं आणि आजाराचं नाव एका ओळीत येऊ देऊ नका. लहान गावात तेवढ्यावरून माणूस ओळखला जातो.

एप्रिलपासून लागू होणाऱ्या खर्चाच्या आराखड्याची तयारी आधीच्या हिवाळ्यात सुरू होते, त्यामुळे अहवाल दिवाळीच्या सुमाराला द्या, पोच घ्या. ज्यांनी वेळ दिला त्यांच्या गावी जाऊन निकाल वाचून दाखवा, तेही कार्यालयात देण्याआधी. सहा महिन्यांनी तेच दोन माहिती अर्ज पुन्हा टाका.